थोडक्यात बचावले, पुढे काय?

मी कुंपणापाशी उभा होतो आणि वारा पाठीवर येत होता. फार नव्हता, शर्ट अंगाला चिकटावा इतकाच. विमानही पाठीमागूनच आलं, डोक्यावरून गेलं आणि समोरच्या गवती धावपट्टीकडे खाली जाऊ लागलं. म्हणजे वारा विमानाच्या शेपटीकडून होता. त्या क्षणी हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. चार जणांचं, एका इंजिनाचं छोटं विमान होतं आणि उतरताना ते फार छान दिसत होतं.

चाकं टेकली तेव्हा जवळजवळ अर्धी पट्टी मागे पडली होती. टेकताच विमान उसळलं. पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं, या वेळी जास्त उंच. तिसऱ्यांदा पुढचं चाक आधी आपटलं, त्याचा दांडा मागे दुमडला आणि प्रोपेलर जमिनीत घुसला. रात्री पाऊस होऊन गेला होता, त्यामुळे ओल्या मातीची ढेकळं काचेपर्यंत उडाली. नाक टेकवलेल्या अवस्थेत विमान तीसेक पावलं घसरत गेलं आणि थांबलं. दोन्ही दारं उघडली, दोघं उतरले. एकाच्या कपाळाला खोक पडली होती, बाकी काही नाही. आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग माणसं जमली, फोन बाहेर निघाले. 'नवशिका दिसतोय,' असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत चाळीस सेकंदांचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यावर लिहिलं होतं : विमान कोसळलं, दोघे थोडक्यात बचावले. विमान कोसळलं नव्हतं, उतरताना घसरलं होतं. पण या फरकाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. 'थोडक्यात बचावले' हे दोन शब्द पडले की आपल्याकडे विषय मिटतो. मला म्हणायचं आहे ते हेच, की या दोन शब्दांपाशी विषय मिटता कामा नये, तो तिथून सुरू व्हायला हवा. ज्या अपघातात कुणी मेलं नाही, त्याची रीतसर चौकशी व्हावी, तिचा निष्कर्ष जाहीर व्हावा आणि वैमानिकाने चौकशीत जे खरं सांगितलं ते त्याच्याविरुद्ध वापरलं जाऊ नये. छोट्या विमानांच्या, आडबाजूच्या धावपट्ट्यांच्या बाबतीत तर हे आधी व्हायला हवं, कारण नेमक्या तिथेच ते होत नाही.

वैमानिक थोडा वेळ गवतात बसून होता. हात थरथरत होते. मी पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा तो स्वतःशीच बोलावं तसं बोलला, 'विंडसॉक लोंबत होता हो. वारा नाहीच असं वाटलं.' मी वळून पाहिलं. पट्टीच्या मध्यावर, विमानं ठेवायच्या शेडच्या आणि झाडांच्या रांगेच्या मधोमध एक खांब होता आणि त्यावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी खरोखरच लुळी पडली होती. मी उभा होतो त्या टोकाला मात्र गवत वाकत होतं. खांब रोवला तेव्हा झाडं लहान असणार. ती वाढत गेली, वारा अडत गेला आणि विंडसॉक हळूहळू खोटं बोलायला लागला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो होता तिथेच होता, रंगही ठीक होता.

विमानतळांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएओ या संस्थेने विंडसॉकबद्दलही लिहून ठेवलंय. लांबी किमान ३.६ मीटर, मोठ्या तोंडाचा व्यास किमान ०.९ मीटर, ३०० मीटर उंचीवरून दिसेल आणि समजेल असा रंग, आणि आजूबाजूच्या वस्तूंमुळे वाऱ्यात होणाऱ्या गडबडीचा त्यावर परिणाम होणार नाही अशी जागा. शेवटची अट वाचताना मला ती झाडं आठवतात. खासगी गवती पट्टीला हे निकष कायद्याने लागू असतील किंवा नसतील, वाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

शर्ट अंगाला चिकटण्याइतक्या त्या वाऱ्याने असा काय फरक पडतो, हे समजून घ्यायला थोडं गणित करायला हवं. छोटं विमान चाकं टेकवताना हवेच्या तुलनेत साधारण ५० नॉट वेगाने जात असेल असं धरू. समोरून ५ नॉटचा वारा असला तर जमिनीच्या तुलनेत वेग उरतो ४५ नॉट. तेवढाच वारा मागून असला तर तो होतो ५५. पाच नॉट म्हणजे ताशी जेमतेम ९ किलोमीटर, सावकाश सायकल चालवताना तोंडावर येतो तेवढा वारा. पण ब्रेकना जी ऊर्जा जिरवायची असते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५५ चा वर्ग ३,०२५, ४५ चा वर्ग २,०२५. विमान तेच, वैमानिक तोच, हातही तेच, आणि थांबवताना जिरवायची ऊर्जा दीडपट.

ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने हौशी आणि खासगी वैमानिकांसाठी काढलेल्या सुरक्षा पत्रकात यासाठी सोपे गुणक दिलेले आहेत. उतरण्याच्या वेगाच्या दहा टक्के वारा मागून असेल तर लागणारं अंतर १.२ ने गुणायचं. ओलं गवत असेल तर १.३५ ने. पट्टीला दोन टक्के उतार असेल तर १.१ ने. आणि हे गुणक एकमेकांनीही गुणायचे असतात, इथेच बहुतेकांची फसगत होते. विमानाच्या माहितीपुस्तकात दिलेलं उतरायचं अंतर ४०० मीटर धरलं तर ओल्या गवताने ते ५४० होतं, उताराने ५९४, मागच्या वाऱ्याने ७१३. त्यावर त्याच पत्रकात सुचवलेला १.४३ हा सुरक्षेचा गुणक लावला की १,०१९ मीटर. अडीचपट! पुस्तकातला आकडा नव्या विमानाचा, कोरड्या डांबरी पट्टीवरचा, कसलेल्या वैमानिकाने काढलेला असतो. त्या दिवशी पट्टीवर ओलं गवत होतं, पुढच्या टोकाकडे उतार होता, मागून वारा होता. यातल्या पहिल्या दोन गोष्टी वैमानिकाला दिसत होत्या. तिसरी त्याच्यापासून लपवली गेली होती, तीही ती दाखवायला म्हणूनच उभ्या केलेल्या खांबाने.

त्याने विमान पुन्हा वर उचलायला हवं होतं, हे खरं आहे. विमान हवं तिथे, हव्या वेगाने, हव्या उंचीवर नसेल तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पुढे ढकलायचा, वर जायचं, चक्कर मारून पुन्हा यायचं, याला गो-अराउंड म्हणतात आणि ते प्रत्येक वैमानिकाला शिकवलेलं असतं. पहिल्या उसळीनंतरही ते करता आलं असतं. तो चुकला. पण चुकला एवढं म्हणून थांबलो तर हातात काय येतं? विमानांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने मोठ्या विमान कंपन्यांच्या उड्डाणांचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की उतरण्याची घडी नीट बसलेली नसतानाही फक्त तीन टक्के वेळा वैमानिक गो-अराउंड करतात. सत्त्याण्णव टक्के वेळा ते तसेच पुढे येऊन उतरतात. हे दोन-दोन वैमानिक, हजारो तासांचा अनुभव आणि कंपनीचा लेखी नियम पाठीशी असलेल्या विमानांबद्दल आहे. जमीन समोर दिसायला लागली की माणसाला उतरायचंच असतं. ही ओढ सगळ्यांना असते, म्हणून ती एकट्या नवशिक्याच्या माथी मारून चालत नाही. शिकवताना, सराव घेताना, परवाना देताना या ओढीशी झगडायला हवं. त्यासाठी ती कुठे, कशी, कोणत्या परिस्थितीत माणसाला ओढून नेते याच्या नोंदी हव्यात, आणि त्या नोंदी अशा छोट्या अपघातांतूनच मिळतात.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. १९४४ च्या शिकागो करारातून आयसीएओ उभी राहिली आणि १९५१ मध्ये अपघातांच्या चौकशीसाठी या कराराचं तेरावं परिशिष्ट स्वीकारलं गेलं. चौकशीचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी कुणाच्या पदरात टाकणं हा नाही, असं हे परिशिष्ट स्वच्छ सांगतं. मला हे जगातल्या सरकारांनी एकत्र बसून केलेल्या शहाण्या कामांपैकी एक वाटतं. पण याच परिशिष्टात 'अपघात' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि त्यातून वगळलेल्या नुकसानांची यादीही आहे. नुकसान फक्त प्रोपेलरचं, पंखाच्या टोकाचं, टायरचं, ब्रेकचं, चाकांचं असेल आणि कुणी गंभीर जखमी नसेल, तर तो व्याख्येप्रमाणे अपघात ठरत नाही. त्याखालची पायरी 'गंभीर घटने'ची. तिची चौकशी करायलाच हवी असं बंधन आहे ते २,२५० किलोपेक्षा जास्त कमाल वजनाच्या विमानांसाठी. चार जणांचं साधं प्रशिक्षण विमान भरून, इंधनासकट ११०० ते १२०० किलोच्या आसपास असतं. अमेरिकेच्या नियमांतही प्रोपेलर, चाकं, ब्रेक, पंखांची टोकं यांच्या नुकसानाला 'मोठं नुकसान' म्हणत नाहीत.

यामागचं कारण मला समजतं. प्रत्येक फुटलेल्या टायरमागे चौकशी पथक धाडता येत नाही. पण परिणाम काय होतो पाहा. प्रोपेलर जमिनीवर आपटला की इंजिन बनवणारे सांगतात, इंजिन पूर्ण उघडून आतून तपासल्याशिवाय पुन्हा उडवू नका, कारण फिरत्या पात्याला बसलेला धक्का आतल्या दांड्यापर्यंत जातो आणि तडा बाहेरून दिसत नाही. म्हणजे यंत्राच्या बाबतीत आपण म्हणतो, वरून ठीक दिसलं तरी आत उघडून पाहा. आणि घटनेच्या बाबतीत म्हणतो, कुणी मेलं नाही ना, मग राहू द्या. त्या दिवशी पात्यांची टोकं मागे वाकलेली होती. इंजिनात जोर असताना पातं जमिनीला लागलं तर टोकं बहुधा पुढे वळतात, इंजिन मंद असेल तर मागे जातात. थ्रॉटल पुढे ढकलला गेलाच नव्हता, हे त्या वाकलेल्या पात्यांवर लिहिलेलं होतं. ते वाचायला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी विमान ट्रकवर चढवून नेलं.

'वैमानिकाची चूक' या शब्दांनी किती काळ आपली दिशाभूल केली, याचा एक जुना दाखला आहे आणि तो उतरण्याच्याच अपघातांचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं मोहिमेवरून परत यायची, व्यवस्थित उतरायची, आणि पट्टीवर धावत असताना वैमानिक फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागच्या कडेने खाली येणाऱ्या झडपा) मिटवण्याऐवजी चाकंच मिटवायचे. विमान पोटावर बसायचं. पी-४७ आणि बी-२५ मध्येही हेच. वैमानिक दमलेले असतात, बेफिकीर होतात, असं म्हणून प्रत्येक वेळी खापर त्यांच्यावर फुटत राहिलं. १९४३ मध्ये अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला हे पाहायला सांगितलं. त्याने वैमानिकांना बाजूला ठेवून कॉकपिट पाहिलं. चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारी-शेजारी होते आणि हाताला जवळजवळ सारखेच लागत होते. सी-४७ या मालवाहू विमानात ते एकमेकांपासून लांब होते, चालवायची रीतही वेगळी होती, आणि त्या विमानाचे वैमानिक ही चूक करत नव्हते. चॅपॅनिसने चाकांच्या खटक्याला रबरी चाकाचा आकार लावला, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा. अंधारात, थकव्यात, न बघताही बोटांना फरक कळायला लागला आणि चूक थांबली. आजही चाकांच्या खटक्याची मूठ चाकाच्या आकाराची असावी असा नियम आहे.

पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून सांगितले गेलेले ४६० प्रसंग गोळा करून तपासले. चुका ठरावीक साच्यांत पडत होत्या, आणि साचा असला की कारणही माणसाच्या बाहेर सापडतं. पण लक्षात घ्या, साचा दिसायला त्या वैमानिकांनी आपण काय केलं ते मोकळेपणाने सांगावं लागलं. प्रत्येकाला निलंबनाची भीती असती तर त्यांतले किती जण बोलले असते?

आपण लहानपणापासून म्हणत आलोय, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. यातली एक अट आपण बोलून दाखवत नाही. पुढच्याला ठेच कुठे लागली हे मागच्याला दिसायला हवं. विमानांच्या जगात मागचा माणूस मागे चालत नसतो. तो दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावाहून, एकटा येतो.

ही अट पाळली गेली नाही तर काय होतं, हे १ डिसेंबर १९७४ ला दिसलं. टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरत होतं. किती खाली यायला परवानगी आहे याबद्दल वैमानिक आणि नियंत्रक यांच्या समजुतीत फरक होता. विमान डोंगरावर आदळलं. ९२ जण होते, सगळे गेले. नंतर कळलं की काही आठवड्यांपूर्वी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून, थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला ते सांगितलंही होतं आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केलं होतं. पण ती माहिती कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही.

त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत एएसआरएस ही विमानसुरक्षेच्या नोंदी गोळा करणारी व्यवस्था सुरू झाली. तिच्या रचनेत मला फार शहाणपण दिसतं. वैमानिकाने आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग लिहून पाठवायचा. तो पाठवायचा परवाना देणाऱ्या, दंड करणाऱ्या खात्याकडे नाही, तर नासाकडे, कारण नासाच्या हातात दंडुका नाही. नाव-पत्ता असलेली पट्टी फाडून पाठवणाऱ्याला परत मिळते. प्रसंगानंतर दहा दिवसांत कळवलं आणि चूक अजाणता झालेली असेल तर शिक्षेतून सूट मिळते. गुन्हा असेल किंवा अपघात असेल तर हे संरक्षण नाही. ब्रिटनमध्ये १९८२ पासून अशीच 'चर्प' नावाची व्यवस्था आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये ३७६ क्रमांकाच्या नियमातून हे सगळं कायद्यातच बसवलं. प्रशिक्षण आणि अनुभव यांना धरून केलेल्या कृतीबद्दल शिक्षा नाही, पण ढळढळीत निष्काळजीपणा आणि मुद्दाम केलेला नियमभंग यांना माफीही नाही, अशी त्यातली वाटणी आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो घेणारी माणसं प्रामाणिक असतात. शिक्षा नसेल तर शिस्त राहील का? दारू पिऊन विमान चालवणारा, ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं कोंबणारा, परवाना नसताना लोकांना घेऊन उडणारा, यांनाही 'शिकण्यासाठी' सोडायचं का? अजिबात नाही. त्यांची जागा न्यायालयात आहे. पण ते काम वेगळ्या माणसांनी, वेगळ्या पुराव्यावर करावं. तेराव्या परिशिष्टात वैमानिकांच्या जबान्या चौकशीच्या बाहेर उघड करण्यावर बंधन आहे ते याचसाठी. एकाच माणसाने सकाळी 'मनमोकळं सांग' म्हणायचं आणि संध्याकाळी तेच पान पुढे करून परवाना काढून घ्यायचा, असं झालं तर पहिल्याच आठवड्यात सगळे वैमानिक मुके होतील. तो गवतात बसलेला तरुण मला विंडसॉकबद्दल बोलला, कारण मी पाणी देणारा अनोळखी माणूस होतो. अर्ध्या तासाने कुणाचा तरी फोन आला, त्याने ऐकून घेतलं, आणि त्यानंतर तो कुणाशी एक शब्द बोलला नाही. फोनवर त्याला काय सांगितलं असेल याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मीही गप्प बसलो असतो.

दुसरा आक्षेप माणूसबळाचा. चौकशी करणारे अधिकारी मोजके असतात, त्यांनी मोठ्या अपघातांकडे पाहायचं की गवतात रुतलेल्या छोट्या विमानांकडे? याला उत्तर विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या ब्रिटनच्या एएआयबी या संस्थेने कधीच दिलेलं आहे. छोट्या अपघातांसाठी ते पथक पाठवत नाहीत. वैमानिकाला एक फॉर्म भरायला देतात, फोटो मागवतात, लागलं तर फोनवर बोलतात आणि आपल्या मासिक पत्रिकेत दोन-तीन पानांत, कधी दोन-तीन परिच्छेदांत ते छापतात. वैमानिकाचं नाव नसतं. वय असतं, एकूण उड्डाणाचे तास असतात, त्या प्रकारच्या विमानावरचे तास असतात, हवामान असतं आणि काय घडलं ते त्याच्याच सांगण्यातून असतं. ही पत्रिका कुणीही वाचू शकतं. फ्लाइंग क्लबमध्ये नव्या विद्यार्थ्याला शिकवताना याहून चांगलं साहित्य दुसरं कुठलं मिळणार? ज्या देशांना ब्रिटनएवढी यंत्रणा नाही, त्यांनाही एक फॉर्म आणि एक वेबसाइट परवडते. परवडत नाही असं कुणी म्हणालं तर मला ते पटणार नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. अशी एखादी घटना घडली की मागणी होते, ही पट्टीच बंद करा. गावाजवळ विमानं उतरायलाच नकोत. ही मागणी करणाऱ्यांना त्या पट्टीची गरज पडलेली नसते. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियात क्लॉन्करीहून फ्लाइंग डॉक्टर सेवा सुरू झाली, ती गवताच्या आणि मातीच्या अशाच पट्ट्यांच्या भरवशावर. जगात आजही अशी कितीतरी ठिकाणं आहेत, जिथे रस्त्याने दिवस लागतो आणि विमानाने पाऊण तास. वणवा विझवणारी विमानं, शेतात फवारणी करणारी विमानं, उडायला शिकणारी मुलं, सगळ्यांना या पट्ट्या लागतात. शिवाय हवेत इंजिन बंद पडलं तर वैमानिक खाली शोधतो ते असलंच एखादं हिरवं आयत. पट्टी बंद केल्याने उडणं थांबत नाही, उतरायची एक जागा कमी होते. विंडसॉक हलवायला मात्र एक खांब, चार माणसं आणि एक सकाळ लागते.

पट्टी सांभाळणाऱ्यांची जबाबदारीही इथेच बोलून ठेवतो. बहुतेक छोट्या पट्ट्यांना नियंत्रण मनोरा नसतो, रेडिओवर उत्तर द्यायला माणूस नसतो. वैमानिक वरून एक फेरी मारतो, विंडसॉक पाहतो आणि ठरवतो. म्हणजे त्या पट्टीचं सगळं बोलणं त्या एका कापडाच्या नळीतून होतं. गवत किती वाढलंय, पाऊस झालाय का, कुठल्या टोकाला उतार आहे, कुठल्या बाजूला झाडं वाढलीत, एवढ्या चार गोष्टी येणाऱ्याला आधी कळवणं अवघड नाही. वर्षातून एकदा दोन्ही टोकांना उभं राहून, हातात मूठभर वाळकं गवत घेऊन ते सोडावं आणि मधला विंडसॉक तेच सांगतोय का ते पाहावं, इतकी साधी तपासणीसुद्धा होत नाही. हे मी चिडून लिहितोय, कारण त्या दिवशी कपाळावरच्या खोकेवर भागलं. तिसऱ्या उसळीत विमान उलटलं असतं आणि टाकीतून इंधन गळलं असतं, तर हाच लेख मी वेगळ्या शब्दांत लिहीत असतो.

आणि आपण, बघणारे. चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत वारा दिसत नाही. तो काढणारा माणूस शेडजवळ उभा होता, त्यालाही वारा लागत नव्हता. पण आम्ही कुंपणापाशी चार-पाच जण होतो आणि आमच्या सगळ्यांच्या पाठीला तो लागत होता. आम्ही साक्षीदार होतो. कुणी आम्हाला विचारलं नाही हे खरं, पण सांगायचं म्हटलं असतं तर कुणाला सांगायचं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. तसं सांगायची जागा असती, एखादा पत्ता, एखादा फॉर्म, तर मी चार ओळी नक्की लिहिल्या असत्या. विमानातलं मला फारसं कळत नाही, पण वारा कुठून येत होता ते मी सांगू शकलो असतो.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा तिथे गेलो. गवतातली ती लांब खाच मातीने भरून काढली होती, वरून रोलर फिरवला होता. तुकड्याचा रंग थोडा वेगळा होता, बाकी काही कळत नव्हतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पाठीवर वारा होता, मागच्याइतकाच. मध्यावर, शेड आणि झाडं यांच्यामध्ये, विंडसॉक लोंबत होता. मी फोन काढला, पण लावायचा कुणाला हे याही वेळी माहीत नव्हतं. एक दुसरं छोटं विमान पट्टीवरून एक फेरी मारून गेलं, लांबून वळलं आणि माझ्या डोक्याच्या दिशेने खाली यायला लागलं.